नखशिखांत नवी

मंगळवारी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून एक बाई मला म्हणाली, की माणसाचं सगळं शरीर दर सात वर्षांनी नवं होतं ही समजूत चुकीची आहे, आणि माझा चमचा कपातच थांबला. ही बाई काही माझ्या ओळखीची नव्हे, व्हिडिओतली. आखूड पांढरे केस, निळा सदरा, मागे काचेच्या बरण्यांची फळी, आणि वाक्याच्या मधेच स्वतःशी हसायची सवय. गेली तीन वर्षं मी चहा तिच्यासोबत पिते. शुक्र ग्रहावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो हे मला तिनेच सांगितलं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि तो पोहायला लागला की त्यातलं एक बंद पडतं, म्हणून बिचारा शक्यतो चालतच जातो, हेही तिनेच. तिच्यावर माझा इतका विश्वास, की नवऱ्याने एकदा "ही म्हणाली तर तू मलाही ऑक्टोपस म्हणशील" असं म्हटलं होतं आणि मी त्याला "आधी तीन हृदयं दाखव" म्हणाले होते. तर ती बाई आज हसत हसत म्हणत होती, आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, कातडी काही आठवड्यांत, रक्तातल्या तांबड्या पेशी चारेक महिन्यांत, हाडांना दहाएक वर्षं लागतात; पण काही भाग जन्मभर तेच राहतात. मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याच. दातांवरचं कवच तेच. डोळ्यातल्या भिंगाचा अगदी मधला गाभा तर आईच्या पोटात असताना तयार होतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. एरवी मी टाळीच वाजवली असती. आज मी व्हिडिओ बंद केला, मोबाइल पालथा घातला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. शुक्रवारला तीन दिवस होते.

शुक्रवारी वाफ नवी होणार होती. वाफ म्हणजे आमच्या शिवणखान्यातली इस्त्रीवाली. नाव तिचं वेगळं आहे, पण दिवसभर वाफेच्या ढगात उभी असते आणि तापायलाही तिला वेळ लागत नाही, म्हणून आम्ही तिला वाफ म्हणतो. आम्ही चौघं. कटरमास्तर कापड कापतात, एकजणी कोटांना अस्तर लावते (तिला आम्ही अस्तरच म्हणतो, विनोद तिला पाच मिनिटांनी कळतो आणि मग ती एकटीच हसते), वाफ इस्त्री करते, आणि मी काजं करते. हाताने. मशीनचं काज आमच्याकडे चालत नाही. आमचे कोट मापं घेऊन, एकेका माणसासाठी शिवलेले. काजाचं भोक कापायचं, कडेने जाड दोरा ठेवायचा, मेण लावलेल्या रेशमाने एकेक टाका त्याच्यावर बसवायचा, शेवटी गाठ आत दडवायची आणि उरलेलं टोक बारीक कात्रीने कापून टाकायचं. एका काजाला मला पंचवीस मिनिटं लागतात. बावीस वर्षं मी हे करतेय. डोळे टाक्यावर, हात टाक्यावर, पण तोंड रिकामं. आणि बाकीच्यांचे कान रिकामे. तिथूनच ती रीत पडली. सकाळी मी जे बघितलं असेल ते दुपारपर्यंत टाके घालता घालता सांगायचं. कामात कुणाला मान वर करता येत नाही, त्यामुळे चित्रं त्यांना दिसत नाहीत, सगळं माझ्या शब्दांवर. मी जिना चढून आले की वाफ ओरडते, "विद्यापीठ उघडलं गं!" आणि अस्तर आपली खुर्ची चार बोटं माझ्याकडे सरकवते. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला कुणी विद्यापीठ म्हटलं की कसं वाटतं ते मी सांगणार नाही. छान वाटतं. सांगितलंच.

लहानपणी मी फार विचारायचे. चंद्र आपल्या मागून का येतो, ओला दगड गडद का दिसतो, जांभई दुसऱ्याला कशी लागते. आत्या म्हणायची, हिच्या जिभेला "का" चिकटलाय, खरवडून काढा. तो खरवडून काढायची गरज पडली नाही; शाळा सुटली, सुई हातात आली, लग्न झालं, मुलगा झाला, आणि तो "का" आपोआप गळून पडला. निदान मला तसं वाटत होतं. मग मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना मोबाइल मला देऊन गेला, म्हणाला, "आई, यावर काहीही बघता येतं." काहीही म्हणजे काय बघू, मला सुचेना. मी नुसतं बोट लावलं आणि समोर आला बशीभर दुधात पडणारा दुधाचा एक थेंब, अगदी सावकाश केलेला. थेंब पडला, दूध गोल उसळलं, कडेला टोकं फुटली, प्रत्येक टोकावर एकेक मणी सुटला. बशीत क्षणभर मुकुट उभा राहिला आणि मोडला. मी तो अकरा वेळा बघितला. बाराव्यांदा स्वतःच करून बघायचं ठरवलं: उठून स्वयंपाकघरात बशीत दूध घेतलं आणि चमच्याने थेंब टाकत बसले. काही दिसलं नाही, ओटा तेवढा पुसावा लागला. पण इतकी वर्षं माझ्या नाकासमोर हे होत होतं आणि मला माहीत नव्हतं, या विचाराने मला इतका आनंद झाला की नवरा कामावरून आल्यावर मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने मुकुट शांतपणे बघितला, म्हणाला, "अजून एकदा लाव." तेव्हापासून आमच्या घरात सकाळ अशी सुरू होते.

त्या मंगळवारी मात्र मी जिना सावकाश चढले. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली, तिची मोठी खिडकी गाडी शिकवणाऱ्यांच्या मैदानावर उघडते. तिथे दिवसभर कुणीतरी नारिंगी शंकूंच्या मधून गाडी मागे घेत असतं आणि शंकू आडवे पडत असतात. हा आमचा फुकटचा खेळ. वाफ खिडकीशीच उभी होती. "आज एका आजोबांनी चार पाडले," ती म्हणाली. "आणि उतरून स्वतः उभे केले गं, एकेक. वर टोपी काढून शंकूला सलाम." मग माझ्याकडे वळून, "तीन दिवस हं! केक मी सांगितलाय. वर काय लिहू, नखशिखांत नवी? एवढं मावेल का?" अस्तर म्हणाली, केक मोठा सांग, मग मावेल. मी हसल्यासारखं केलं आणि सुईत दोरा ओवायला लागले. तो काही ओवला जाईना. त्या दिवशी मी त्यांना वोंबॅट नावाच्या प्राण्याचं सांगितलं. तो चौकोनी लेंड्या टाकतो, ठोकळ्यांसारख्या, आणि घसरून जात नाहीत म्हणून दगडांवर नेऊन ठेवतो. गोष्ट हुकमी होती. वाफ इस्त्री ठेवून पोट धरून हसली, अस्तर पाच मिनिटांनी हसली, मास्तरसुद्धा खडू हातात धरून थबकल्यासारखे वाटले. पण मी आतल्या आत भलतीकडेच होते. मी सात वर्षांपूर्वीच्या एका दुपारी होते.

वाफ त्या दुपारी नवऱ्याचं घर सोडून आठ दिवस झाल्यावर पहिल्यांदा कामावर आली होती. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती बहिणीकडे राहायला आली होती, आणि मानेला तिने उन्हाळ्यातही रुमाल गुंडाळला होता. आम्ही कुणी काही विचारलं नाही. विचारायला लागावं असं काही नव्हतंच, बारा वर्षं आम्ही ते अधूनमधून बघत होतो. कधी मनगट, कधी ओठ, एकदा पडलेला दात. त्या दिवशी तिने एका कोटाच्या कॉलरवर इस्त्री विसरून ठेवली. करपल्याचा वास आला तेव्हा ती तिथेच उभी होती, कॉलरकडे बघत. मास्तर कोट उचलून घेऊन गेले. मग ती म्हणाली, "अंगाला त्याचा हात लागल्यासारखाच वाटतो गं. किती घासलं तरी." आणि मला काहीतरी द्यायचं होतं तिला, त्या क्षणी, काहीही. माझ्याकडे होतं काय? सकाळचा व्हिडिओ होता. मी म्हणाले, "ऐक. सात वर्षांनी माणसाचं शरीर नवं होतं. जुनी पेशी जाते, नवी येते. सात वर्षांनी तुझ्या अंगावर त्याने हात लावलेलं काही उरणारच नाही." तिने वर बघितलं. "सगळं?" मी म्हणाले, सगळं. "नखशिखांत?" मी म्हणाले, नखशिखांत. ती टेबलाशी गेली, वाकली, आणि टेबलाच्या लाकडाला आतून, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, शिंप्याच्या खडूने तारीख लिहिली. घर सोडल्याची तारीख, पुढे सात वर्षांनंतरचं साल. खडू पुसट झाला की ती पुन्हा गिरवायची. दर वर्षी त्या दिवशी ती सांगायची, आता गुडघ्यापर्यंत झाले, आता कमरेपर्यंत. जणू खालून वर पाणी भरतंय. तिचं हसणं परत आलं, आवाज परत आला, तापणंही परत आलं. आणि मी मनात स्वतःला म्हणायचे, यातलं थोडं तुझंच काम आहे हो, बाई. असं मी अगदी खरोखर म्हणायचे.

दुपारी जेवणाच्या सुटीत सगळ्या जेवत असताना मी जिन्यात जाऊन तो सात वर्षांपूर्वीचा जुना व्हिडिओ शोधून काढला. मला वाटत होतं, चूक त्याचीच निघेल, मग मला निदान रागवायला कुणीतरी मिळेल. व्हिडिओतला माणूस काय म्हणत होता, ते मी तीनदा ऐकलं. तो म्हणत होता, "शरीरातल्या पेशींचं सरासरी वय सात ते दहा वर्षं असतं, अर्थात काही पेशी याला अपवाद आहेत." सरासरी. अपवाद. ते दोन्ही शब्द तिथेच होते, स्पष्ट, ठणठणीत. त्या दिवशीही होते. मला आठवलंही, सांगताना "सरासरी" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता आणि मी तो, काज पूर्ण झाल्यावर दोऱ्याचं टोक कापतात तसा, कापून टाकला होता. कारण तो गोष्टीबाहेर लोंबत होता. मला चांगलंच माहीत आहे, मी नेहमीच असं करते. एखादं "साधारणपणे", एखादं "काही शास्त्रज्ञांच्या मते", कात्री चालवते आणि गोष्ट कशी सफाईदार होते. वोंबॅटचंही आज मी दगडांवर ठेवण्याचं कारण ठामपणे सांगितलं होतं. व्हिडिओतले लोक "बहुधा" म्हणाले होते. मग घंटा झाली, मी आत जाऊन बसले, खडूने खूण केली, कात्री घेतली आणि एका व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाच्या काळ्या कोटाच्या उजव्या बाजूला काज कापलं.

पुरुषाच्या कोटाची काजं डाव्या बाजूला असतात. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि काज एकदा कापलं की कापलं. शिलाई उसवता येते, भोक उसवता येत नाही. मी तो तुकडा हातात घेऊन बसले तोवर मास्तर येऊन उभे राहिले. त्यांनी तो उचलला, खिडकीशी नेला, त्या भोकातून बाहेरच्या मैदानाकडे बघितलं, आणि म्हणाले, "बावीस वर्षांत पहिलं." मी म्हणाले, "मास्तर, माझं चुकलं." ते म्हणाले, "ते दिसतंच आहे. कापड उरलंय म्हणून वाचलात." मग जरा थांबून, "बाई, आज गोष्टीत तुमचं लक्ष नव्हतं. वोंबॅट चांगला होता, पण तुम्ही तो पाठ केल्यासारखा सांगितला." मास्तरांचा डावा कान अधू आहे, त्यांना आमचं काही ऐकू जात नाही, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते आपल्या टेबलाशी परत गेले तेव्हा मी पहिल्यांदाच नीट बघितलं: टेबल त्यांनी असं लावलं होतं, की काम करताना उजवा कान बरोबर माझ्याकडे यावा. इतक्या वाईट दिवशी मला त्याचं हसू आलं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मोज्यातून बोट बाहेर आलंय का ते बघत होता. मी विचारलं, "नाहीच सांगितलं तर? तीन दिवसांनी तिची तारीख येईल, केक कापेल, खूश होईल. कोणाचं काय बिघडलं?" तो म्हणाला, "लिफ्ट मधे अडकली ना, की आतली माणसं ओरडतात. तेव्हा 'आत्ता सुरू होतेय हं' असं सांगायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. कारण मग ती वाट बघून कंटाळतात आणि स्वतः दार ओढायला जातात. खरं सांगायचं. चाळीस मिनिटं म्हणायचं. चाळीस मिनिटं म्हटलं की माणसं खाली बसतात, गप्पा मारतात. एकदा तर दोघांनी आत बसून भेंड्या लावल्या होत्या." मी म्हणाले, "ही लिफ्ट नाही." तो म्हणाला, "नाही कशी, सात वर्षं तू तिला आत्ता सुरू होतेय म्हणतेयस." त्याचा मला इतका राग आला, की त्याचं म्हणणं बरोबर आहे हे लगेच कळलं. बुधवार मात्र मी तसाच काढला. मला भीती कशाची वाटत होती ते स्वतःशी कबूल करायलाही एक दिवस लागला. वाफ रडेल याची होतीच. पण तिच्या खाली आणखी एक भीती दबा धरून बसली होती: सोमवारपासून मी जिना चढेन आणि विद्यापीठ उघडलं असं कुणी ओरडणार नाही. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा जड होती, आणि याची मला लाज वाटली.

गुरुवारी जेवणाच्या सुटीत मी वाफला गच्चीवर नेलं. तिथे आमच्या इस्त्रीच्या बॉयलरचा पाइप बाहेर येतो आणि त्याच्या शेजारच्या कट्ट्यावर ऊब असते. ती डबा उघडून बसली. मी न बसता, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सात वर्षं खोटं आहे. सरासरी म्हणाला होता तो माणूस, तो शब्द मी गाळला. सगळं नवं होत नाही. तू "सगळं?" म्हणून विचारलंस तेव्हा मला माहीत होतं की सगळं नाही, निदान माहीत असायला हवं होतं. ती जेवता जेवता थांबली, मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिली.

"झालं सांगून?" ती म्हणाली.

"झालं."

"अगं, मला ठाऊक आहे ते."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय ठाऊक आहे?"

"खोटं आहे ते. पोरीने सांगितलं होतं की. सहावीत होती तेव्हा. चार वर्षं झाली. तिनेपण असलाच कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि धावत आली, आई, ती मावशी थापा मारते म्हणून."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? तुझा चेहरा बघितलायस का कधी? दर वर्षी मी कमरेपर्यंत झाले म्हणाले की तू अशी फुलायचीस, जसं काही तूच मला जन्माला घातलंस." ती हसायला लागली. "अस्तरलाही माहितीये. तिला मी सांगितलं, तर पाच मिनिटांनी म्हणाली, मग विद्यापीठाला सांगायचं नाही, हो ना? मास्तरांना माहितीये की नाही देव जाणे, त्यांना तर ऐकूच येत नाही."

मी कट्ट्यावर बसले. चार वर्षं. चार वर्षं तीन माणसं माझ्या चुकीला अलगद सांभाळत होती, आणि मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय. मला अपमान वाटायला हवा होता, मी त्याची वाटही बघितली. पण तो आलाच नाही. आलं ते हसू, आधी नाकातून, मग पोटातून. "पण मग ती तारीख?" मी विचारलं. "गिरवायचीस ना तू? गेल्याच महिन्यात गिरवलीस!"

"तारीख चांगली होती," वाफ म्हणाली. "सुरुवातीला तर मी तिच्याच आधाराने उठायचे गं सकाळी. ती खरी की खोटी हे कळेपर्यंत मला उठायची सवय झाली होती. मग पुसून कशाला टाकू? आणि केकला काहीतरी निमित्त नको?" डब्याचं झाकण लावता लावता ती थांबली. "पण पोरीने एवढंच सांगितलं होतं की थाप आहे. कुठलं नवं होतं, कुठलं राहतं, ते तिलाही नव्हतं माहीत. ते सांग की नीट."

मग मी सांगितलं. या वेळी काही न गाळता. जिथे "साधारण" होतं तिथे साधारण म्हणाले, जिथे "बहुतेक" होतं तिथे बहुतेक. कातडी तर कितीतरी वेळा बदलली, आतड्याचं अस्तर, रक्तातल्या तांबड्या पेशी, सगळं गेलं. हाडंही बरीचशी. दाताचं कवच राहतं. यावर ती म्हणाली, "त्यातला एक त्यानेच पाडला, तो नेला वाटतं बरोबर." मेंदूतल्या पेशी बहुतेक त्याच राहतात, म्हटल्यावर तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. पाइपातून फस्स करून वाफ सुटली. मग ती म्हणाली, "म्हणजे तिथे असेल तो. असू दे. तिथे माझी आई आहे, पहिलीच्या बाई आहेत, पोरगी आहे, तुझे ते वोंबॅट आहेत. एवढ्या गर्दीत बसू दे एका कोपऱ्यात अंग चोरून." आणि मग मी तिला डोळ्यातल्या भिंगाचं सांगितलं. आईच्या पोटात झालेला तो मधला गाभा. तोच. जन्मल्यापासून आत्तापर्यंत एकदाही न बदललेला.

"भिंग म्हणजे डोळ्याच्या आत?" तिने विचारलं.

"आत. बुबुळाच्याही मागे."

तिने दोन बोटं आपल्या मिटलेल्या पापणीवर ठेवली, हलकेच, जणू आत कुणी झोपलंय. "मग तिथे कधी कोणाचा हातच पोचला नसेल," ती म्हणाली.

मी चोपन्न वर्षांची आहे आणि दुधाच्या मुकुटापासून शुक्राच्या दिवसापर्यंत मी पुष्कळ काही बघितलंय, पण हे मला सुचलं नव्हतं. त्या पांढऱ्या केसांच्या बाईलाही सुचलं नसतं. मी सात वर्षं तिला सगळं नवं मिळेल म्हणून सांगत होते, आणि तिने त्यातून जुनं तेवढं नेमकं उचलून घेतलं. मला इतका आनंद झाला की गच्चीवरून खाली मैदानाकडे बघून ओरडावंसं वाटलं. तिथे परवाचेच आजोबा शंकूंमधून गाडी मागे घेत होते आणि अजून एकही पडला नव्हता.

शुक्रवारी केक आला. वर "नखशिखांत" एवढंच मावलं होतं. "नवी" दुकानदाराने बाजूला गुंडाळून लिहिली होती, ती कापताना पहिलीच गेली. मास्तरांनी त्यांच्या मोठ्या कात्रीकडे बघून "ही चालेल का" असं विचारलं आणि अस्तर ताबडतोब हसली. हा तिचा पहिलाच ताबडतोब. मग वाफ म्हणाली, "विद्यापीठ, आता खरी गोष्ट सांग. सगळ्यांना. आणि शब्द गाळायचा नाही हं." मी सांगितली. काजाचं काम बाजूला ठेवून, हात मोकळे ठेवून, पहिल्यांदाच त्यांच्या तोंडांकडे बघत. गोष्ट सफाईदार झाली नाही, तिला सगळीकडून टोकं लोंबत होती. पण कुणाची नजर हलली नाही. मास्तर तर उघड उघड उजवा कान पुढे करून बसले होते.

गोष्ट संपल्यावर वाफ मोबाइलचा दिवा लावून खिडकीशी आली आणि दोन बोटांनी आपला डोळा उघडून धरला. "बघ गं. दिसतंय का ते?"

"दिवा आधी बाजूला घे, डोळे जातील," मी म्हणाले. "खिडकीचा उजेड पुरे." मी तिच्या अगदी जवळ गेले. तपकिरी बुबुळ, मधे काळा ठिपका, त्याच्या मागे कुठेतरी ते भिंग. मी बराच वेळ बघितलं. "काही दिसत नाही," मी म्हणाले. "पारदर्शक असतं ते."

"म्हणजे स्वच्छ आहे."

हो म्हणून सोडून देता आलं असतं. शब्द जिभेवरच होता, छोटासा, आणि कात्री चालवायची मला जन्माची सवय. पण कालच गच्चीवर मी काय केलं होतं ते मला आठवलं. "अगदी स्वच्छ नाही," मी म्हणाले. "वयाने थोडं पिवळट झालं असेल. सगळ्यांचंच होतं. वर्षानुवर्षं उजेड आत येतो ना, त्यानेही होतं."

तिने डोळा सोडला, दोनदा उघडझाप केली, पाणी पुसलं.

"पिवळट चालेल," ती म्हणाली. "माझ्याच बघण्याने झालंय ना?"

"हो," मी म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक!" ती मोठ्याने हसली, आणि इस्त्री तापली होती म्हणून टेबलाकडे पळाली.